निवडून देणे आणि निवडून घेणे : गृहस्वामी संघांतील नामनिर्देशनाचा इतिहास

१. प्रास्ताविक

राज्यसंस्थेच्या निवडणुकांचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. मताधिकाराचा विस्तार, गुप्त मतदानाचा स्वीकार, मतदारसंघांची रचना या विषयांवर अभ्यासकांनी पुष्कळ परिश्रम केले आहेत. परंतु मनुष्य ज्या इमारतीत राहतो त्या इमारतीचा कारभार पाहणारी समिती कशी निवडली जाते, या प्रश्नाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. वस्तुतः पाणी, जिना, उद्यान, वाहन उभे करण्याची जागा, दुरुस्तीचा निधी आणि अलीकडे पुनर्विकास, या सर्वांविषयीचे निर्णय हीच समिती घेत असते. अमेरिकेत तर सभासदाने वर्गणी थकविल्यास त्याच्या घरावर बोजा चढविण्याचा आणि प्रसंगी त्या घराचा लिलाव घडवून आणण्याचा अधिकार अशा संघांना बहुतेक राज्यांत आहे. तेव्हा हा विषय क्षुल्लक आहे असे समजण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात दोन परंपरांचा तौलनिक विचार करावयाचा आहे. एक अमेरिकेतील गृहस्वामी संघांची आणि दुसरी मुंबई इलाख्यातील व पुढे महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांची. मत कोणाला असावे हा प्रश्न दोन्हीकडे आहेच. परंतु त्याच्या आधी येणारा एक प्रश्न आहे, तो म्हणजे उमेदवाराचे नाव कोणी सुचवावयाचे. मताच्या अधिकाराची चर्चा फार झाली, नाव सुचविण्याच्या अधिकाराची त्या मानाने थोडी झाली. या दुसऱ्या अधिकाराच्या अभावी पहिला अधिकार पोकळ कसा ठरतो, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

२. दोन उगम

योगायोगाची गोष्ट अशी की, या दोन्ही परंपरांचा आरंभ एकाच वर्षी, म्हणजे १८४४ मध्ये, दाखविता येतो. अमेरिकेतील बॉस्टन नगरात लुईबर्ग चौकाभोवती राहणाऱ्या घरमालकांनी त्या वर्षी आपापसांत करार करून मधल्या हिरवळीची देखभाल सामाईकपणे करण्याचे ठरविले. अमेरिकन अभ्यासक गृहस्वामी संघाचे हे आद्य उदाहरण मानतात. न्यूयॉर्कमधील ग्रॅमर्सी पार्क त्याहून जुने. तेथील उद्यान १८३१ मध्ये विश्वस्तांच्या स्वाधीन करण्यात आले होते. तथापि विश्वस्तांनी मालमत्ता सांभाळणे वेगळे आणि मालकांनी एकत्र येऊन आपला कारभार आपण पाहणे वेगळे. हा भेद पुढे रॅडबर्नच्या प्रकरणात महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो येथेच नमूद करून ठेवतो.

त्याच १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात काही विणकर व इतर कामकरी यांनी आपले सहकारी दुकान उघडले. या दुकानाच्या परंपरेने जे तत्त्व जगभर रूढ केले ते असे की, सभासदाचे भाग कितीही असोत, त्याचे मत एकच. भांडवलाला मत नाही, माणसाला मत आहे.

बॉस्टनच्या चौकात मताचा आधार घर हा होता, तर रॉचडेलच्या दुकानात मताचा आधार सभासद हा होता. पुढील सव्वाशे वर्षे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या भूमींतून वाहत गेले आणि १९७० मध्ये महाराष्ट्राच्या विधिसंहितेत एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले. त्याचा विचार सहाव्या विभागात केला आहे.

३. रॅडबर्न

न्यू जर्सी राज्यातील फेअर लॉन या गावाच्या हद्दीत १९२९ मध्ये रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहू लागली. क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे तिचे रचनाकार. मोटारीच्या युगातील नगर अशी तिची ख्याती झाली. कारण तेथे मोटारींचे रस्ते आणि पायवाटा एकमेकींपासून अलग ठेवल्या होत्या आणि घरांची तोंडे आतील सामाईक उद्यानांकडे वळविली होती. ही उद्याने सुमारे २३ एकरांची आहेत. नगररचनेच्या पाठ्यपुस्तकांत रॅडबर्नचा नकाशा हटकून सापडतो. तिची घटना मात्र नकाशाइतकी परिचित नाही.

ही घटना सिटी हाउसिंग कॉर्पोरेशन या बांधकाम कंपनीचे कायदेतज्ज्ञ चार्ल्स ॲशर यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाली. त्यांच्यापुढील अडचण खरी होती. घरे विकली जाणार, मालक बदलत राहणार. मग सामाईक उद्याने कोण सांभाळणार? उद्याचे रहिवासी वर्गणी वाचविण्यासाठी ती विकून टाकणार नाहीत कशावरून? शिवाय निवडून आलेल्या मंडळाने धोरण ठरवावे आणि पगारी तज्ज्ञाने कारभार पाहावा, ही नगरव्यवस्थापकाची पद्धत त्या काळी अमेरिकेत मोठी प्रतिष्ठा पावली होती. रॅडबर्नच्या घटनेवर तिची छाया स्पष्ट दिसते.

या विचारातून जी व्यवस्था निर्माण झाली तिचे स्वरूप असे. रॅडबर्न असोसिएशन ही संस्था उद्यानांची मालक झाली. प्रत्येक घरमालकाने तिला वर्गणी देणे खरेदीखतातील अटींनुसार बंधनकारक झाले. परंतु घरमालक हा त्या संस्थेचा सभासद नव्हता. विद्यमान आणि माजी विश्वस्त हेच काय ते सभासद. पुढे रहिवाशांना विश्वस्तांच्या निवडणुकीत मत मिळाले. तथापि मतपत्रिकेवर कोणाची नावे यावीत हे विश्वस्त मंडळाच्या वर्तुळातच ठरत असे. रहिवाशाने मत द्यावयाचे ते आधी पसंत केलेल्या नावांपैकी एकाला.

कंपनीचे दैव मात्र फिरले. वसाहतीत पहिली कुटुंबे आली त्याच वर्षी न्यूयॉर्कचा भागबाजार कोसळला आणि पुढील मंदीत सिटी हाउसिंग कॉर्पोरेशन डबघाईस आले. आराखड्यातील बहुतेक भाग कागदावरच राहिला. कंपनी गेली, परंतु कंपनीने आखून दिलेली घटना राहिली. संस्थांच्या इतिहासात हे वारंवार घडते. ज्या भीतीपोटी नियम केला ती भीती निघून जाते, नियम करणारेही निघून जातात आणि नियम मात्र कोणाच्या तरी सोयीचा होऊन टिकून राहतो.

४. नमुना पत्रके आणि नामनिर्देशन समिती

रॅडबर्नची सभासदत्वाची पद्धत जशीच्या तशी फारशी कोणी उचलली नाही. तिच्यामागील वृत्ती मात्र दूरवर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांची वाढ झपाट्याने झाली. १९६४ मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूटने गृहस्वामी संघांविषयी एक विस्तृत मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या पुरस्काराने नमुना नियमावल्या प्रचारात आल्या. वकिलांनी त्या नमुन्यांच्या नकला केल्या आणि नकलांच्या नकला देशभर पोहोचल्या. १९७० च्या सुमारास असे संघ सुमारे १०,००० होते असा अंदाज आहे. आज ही संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेल्याचे सांगतात.

या नमुना नियमावल्यांतील तीन तरतुदी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद मतांच्या वर्गाची. घर विकत घेणारे ते पहिल्या वर्गाचे सभासद. त्यांना घरामागे एक मत. विकासक हा दुसऱ्या वर्गाचा सभासद. त्याला न विकलेल्या प्रत्येक भूखंडामागे तीन मते. परिणाम असा की, सुमारे तीन चतुर्थांश भूखंड विकले जाईपर्यंत संघ विकासकाच्या मुठीत राहावा.

दुसरी तरतूद मुदतीची. संचालकांपैकी एक तृतीयांश दरवर्षी निवृत्त व्हावेत, सर्वांनी एकदम जाऊ नये. कारभारात सातत्य राहावे हा हेतू. परंतु असंतुष्ट सभासदांना मंडळ बदलावयाचे झाल्यास एका निवडणुकीने ते साधत नाही, हाही तिचा परिणाम होय.

तिसरी तरतूद नामनिर्देशन समितीची. संचालक मंडळाने वार्षिक सभेपूर्वी ही समिती नेमावी, तिचा अध्यक्ष मंडळाचा सदस्य असावा आणि तिने उमेदवारांची नावे सुचवावीत. सभेतही सभासदांना नावे सुचविता येतील अशी पुस्ती तिला जोडलेली असे. रॅडबर्नमध्ये जे दार बंद होते ते येथे किलकिले झाले असे म्हणावयास हरकत नाही. तथापि ज्याचे नाव समितीने सुचविले त्याचे नाव सूचनेबरोबर आधीच घरोघर पोहोचते. ज्याचे नाव सभेत सुचविले जाते ते सभेला हजर असलेल्यांनाच कळते. शिवाय अमेरिकन संघांत अनुपस्थित सभासदाचे मत प्रॉक्सीने देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि कोऱ्या प्रॉक्सी बहुधा विद्यमान मंडळाच्याच हाती गोळा होतात. अशा स्थितीत सभेत ऐन वेळी आलेल्या नावाचा निभाव लागणे कठीण.

मताचा आधार घर म्हटल्यावर घर कोणी घ्यावे हेही ओघाने आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील असंख्य वसाहतींच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकण्यास वा भाड्याने देण्यास मनाई करणाऱ्या अटी असत आणि त्यांचे पालन होते की नाही हे पाहण्याचे काम बहुधा गृहस्वामी संघच करीत. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करून घेता येणार नाही असा निर्णय दिला. मतदारयादीची कात्री येथे मतदानाच्या वेळी नव्हे, तर खरेदीच्याच वेळी चालविलेली होती.

५. न्यायालय आणि विधिमंडळ

रॅडबर्नच्या काही रहिवाशांनी २००६ मध्ये संस्थेविरुद्ध दावा लावला. त्यांची मुख्य मागणी दोन गोष्टींची होती: घरमालकांना सभासद माना आणि उमेदवाराचे नाव सुचविण्याचा अधिकार त्यांना द्या. न्यायालयांनी ही नामनिर्देशनाची पद्धत तत्कालीन कायद्याच्या विरुद्ध ठरविली नाही. घरमालकांना मत आहे, निवडणूक होते आहे. नावे कोणी सुचवावीत याविषयी कायदा बोलत नाही, असा त्या निर्णयांचा इत्यर्थ होता. कायद्याच्या अक्षराकडे पाहता हे अनपेक्षित नव्हते.

याच सुमारास न्यू जर्सीचे सर्वोच्च न्यायालय आणखी एका प्रश्नाशी झगडत होते. गृहस्वामी संघ ही खाजगी संस्था; मग तेथे भाषणस्वातंत्र्याचा दावा करता येतो काय? २००७ मध्ये ट्विन रिव्हर्स या वसाहतीच्या खटल्यात न्यायालयाने संघाच्या बाजूने कौल दिला. परंतु २०१४ मध्ये, सहकारी तत्त्वावरील एका उंच इमारतीतील रहिवाशाला मंडळावर टीका करणारी पत्रके शेजाऱ्यांच्या दारांखालून सरकविण्यास मनाई करण्यात आली असता, ही मनाई राज्यघटनेशी विसंगत असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. हा रहिवासी मंडळाच्या निवडणुकीसाठी उभा राहू इच्छीत होता, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. जिला प्रचार करता येत नाही अशी उमेदवारी जवळजवळ नसल्यासारखीच, हे न्यायालयाने एका परीने मान्य केले.

शेवटी रॅडबर्नचा प्रश्न सुटला तो विधिमंडळात. जुलै २०१७ मध्ये न्यू जर्सीत जो कायदा झाला त्याने वसाहतीतील प्रत्येक घरमालक हा संघाचा सभासद ठरविला आणि पात्र सभासदाला स्वतःचे किंवा दुसऱ्याचे नाव उमेदवार म्हणून सुचविण्याचा अधिकार दिला. हा कायदा तेथे रॅडबर्नच्याच नावाने ओळखला जातो. १९२९ मध्ये घेतलेली खबरदारी दूर होण्यास ८८ वर्षे लागली.

कॅलिफोर्नियाने वेगळ्या दिशेने प्रयत्न केला. तेथे २००६ पासून संचालकांच्या निवडणुकीसाठी दुहेरी लिफाफ्याचे गुप्त मतदान आणि स्वतंत्र निवडणूक निरीक्षक आवश्यक झाले. परंतु लवकरच नवी अडचण उभी राहिली. मते फोडण्यापुरतीसुद्धा गणसंख्या भरेना आणि पुष्कळ ठिकाणी जागा तितकेच उमेदवार. म्हणून २०२२ पासून पुरेशी पूर्वसूचना देऊन बिनविरोध निवड जाहीर करण्याची सोय करण्यात आली आणि २०२४ पासून, पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास पुढच्या सभेची गणसंख्या २० टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आली. अधिकार मिळविणे जितके कठीण तितकेच तो बजावला जाईल अशी व्यवस्था करणेही कठीण, हे यावरून दिसून येते.

६. मुंबईची परंपरा

आता आपल्याकडे वळू. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर उद्देशांच्या संस्थांना नोंदणीची वाट मोकळी केली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिच्यामागील प्रेरणा श्रीपाद सुब्राव तालमकी यांची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट शहरात नवे भूखंड पाडीत होता आणि मध्यमवर्गीय चाकरमान्यांना परवडेल अशा घरांची निकड होती. ही संस्था सह-भागीदारीच्या तत्त्वावर उभी होती: इमारत संस्थेची, सभासद हा एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरू. इंग्लंडमध्ये १९०१ च्या ईलिंग टेनंट्सपासून ही पद्धत लोकप्रिय झाली होती. म्हणजे गावदेवीच्या घराची वंशावळ बॉस्टनच्या चौकापर्यंत जात नाही, ती रॉचडेलच्या दुकानापर्यंत जाते.

मुंबई सहकारी संस्था अधिनियम, १९२५ आणि त्यानंतरचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यांनी हीच परंपरा पुढे नेली. १९६० च्या अधिनियमाचे कलम २७ या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. कोणत्याही सभासदास एकापेक्षा अधिक मत नाही. मत स्वतः हजर राहून द्यावयाचे, प्रॉक्सीने नव्हे. समसमान मते पडल्यास अध्यक्षास निर्णायक मत. ज्या प्रॉक्सीने अमेरिकन संघांत मंडळांना बळ दिले तिला येथे मुळातच मज्जाव आहे. नाव सुचविण्याच्या बाबतीतही आपली रीत साधी: एक सूचक, एक अनुमोदक आणि उमेदवाराची संमती. मंडळाने नेमलेल्या नामनिर्देशन समितीची कल्पना आपल्या गृहनिर्माण संस्थांत रुजली नाही.

एवढ्यावरून आपली परंपरा निर्दोष आहे असे मात्र समजू नये. तिच्या उणिवा वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिली उणीव मतदारयादीत आहे. भागपत्र दोघांच्या नावे असल्यास मताचा अधिकार ज्याचे नाव प्रथम असेल त्याला; तो हजर नसेल तर दुसऱ्याला. नियम दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु पुष्कळ कुटुंबांत पहिले नाव पतीचे आणि दुसरे पत्नीचे असा प्रघात पडलेला आहे. त्यामुळे पाणी किती वाजता येते, जिना कोण झाडतो आणि उद्वाहक कितीदा बंद पडतो हे जिला नेमके ठाऊक ती मतदार नाही आणि जो दिवसभर घराबाहेर तो मतदार, असे चित्र अनेक संस्थांत दिसत आले. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आणि संयुक्त सभासद व सहयोगी सभासद यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या. पहिल्या नावाचा अग्रक्रम मात्र राहिला. भाडेकरूंना तर दोन्ही परंपरांत मत नाही.

दुसरी उणीव सभासदत्वाच्या दारात आहे. आपल्या जुन्या गृहनिर्माण संस्था बहुधा ज्ञातीच्या वा पंथाच्या आधारे उभ्या राहिल्या. परक्या शहरात परस्परविश्वासाला काही आधार हवा, हे त्याचे तत्कालीन कारण समजण्यासारखे आहे. परंतु १९२५ च्याच अधिनियमाखाली १९२६ मध्ये नोंदलेल्या अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा पोटनियम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. बंधुत्वाच्या भावनेतून उगवलेला नियम आणि बहिष्काराच्या भावनेतून उगवलेला नियम यांचा उगम भिन्न असेल. दाराबाहेर राहिलेल्याला मात्र दोन्हींचा अनुभव सारखाच येतो.

तिसरा प्रश्न निवडणूक कोणी घ्यावयाची हा होय. १९६९ च्या दुरुस्तीने साखर कारखान्यांसारख्या विनिर्दिष्ट संस्थांच्या निवडणुका जिल्हाधिकाऱ्यांकडे गेल्या. गृहनिर्माण संस्था आपल्या निवडणुका सर्वसाधारण सभेत स्वतःच घेत राहिल्या. पुढे ९७ व्या घटनादुरुस्तीने, जी १५ फेब्रुवारी २०१२ पासून अमलात आली, संचालकांची कमाल संख्या २१, मुदत पाच वर्षे, आणि त्या त्या वर्गातील सभासद असल्यास अनुसूचित जाती वा जमातींसाठी एक व स्त्रियांसाठी दोन राखीव जागा अशी चौकट आखली. तीस अनुसरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला अधिनियम सुधारला, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण निर्माण केले आणि २०१४ मध्ये निवडणूक नियम केले. त्यामुळे पंधरावीस घरांच्या संस्थेलाही निवडणूक कार्यक्रम, छाननी, माघार असा सारा सोपस्कार लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीने लहान संस्थांना आपली निवडणूक आपण घेण्याची मुभा परत मिळाली. दरम्यान २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सहकार हा राज्यांचा विषय असून निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नाही या कारणास्तव, घटनादुरुस्तीचा संबंधित भाग बहुराज्यीय संस्थांव्यतिरिक्त इतरांपुरता रद्द ठरविला. राज्याच्या अधिनियमातील तरतुदी मात्र स्वतंत्रपणे उभ्या आहेत.

याच्या शेजारीच १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये सामाईक इमारतीतील स्वतंत्र सदनिकेच्या गहाणाला संघीय विम्याचे संरक्षण मिळाले आणि १९६२ मध्ये संघीय गृहनिर्माण प्रशासनाने राज्यांसाठी नमुना अधिनियम तयार केला. आपल्या १९७० च्या अधिनियमाची शब्दरचना त्याच्याशी इतकी जुळते की, संबंधाविषयी शंका राहू नये. येथे ‘बहुमत’ म्हणजे माणसांचे बहुमत नव्हे. घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेला नेमून दिलेल्या टक्केवारीनुसार ५१ टक्के वा अधिक मते म्हणजे बहुमत. व्यवस्थापक मंडळाचे किमान एक तृतीयांश सदस्य दरवर्षी निवृत्त व्हावेत, हीही तरतूद त्यात आहे. एकाच रस्त्यावरील दोन शेजारी इमारतींपैकी एकीत रॉचडेलच्या न्यायाने मते मोजली जातात आणि दुसरीत बॉस्टनच्या न्यायाने, हे दृश्य पुण्यामुंबईत आज सहज आढळते. तेथील रहिवाशांना त्याची जाणीव बहुधा नसते.

७. शब्दांची साक्ष

या इतिहासावर भाषेच्या बाजूने काही प्रकाश पडतो काय ते पाहू.

आपल्या गृहनिर्माण संस्थांत ‘नामनिर्देशन’ हा एकच शब्द तीन अर्थांनी चालतो. निवडणुकीसाठी उमेदवाराचे नाव सुचविणे हा एक. निवडणुकीविना एखाद्याला मंडळावर घेणे, जसे ‘नामनिर्देशित सदस्य’, हा दुसरा. आणि सभासदाने आपल्या मृत्यूनंतर भाग कोणाच्या नावे व्हावा ते लिहून ठेवणे हा तिसरा. इंग्रजी शब्दातील अर्थांचा हा गुंता आपण संस्कृत प्रतिशब्दासह उचलला. बोलीत मात्र हा गोंधळ नाही. बोली ‘नाव सुचविणे’, ‘नेमणे’ आणि ‘नावावर करणे’ अशी तीन वेगळी क्रियापदे वापरते. रॅडबर्नचा सारा वाद पहिल्या दोहोंच्या सीमेवर घडला: विश्वस्त ज्याला नाव सुचविणे म्हणत, त्यात रहिवाशांना नेमणूक दिसत होती.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मराठीत ‘निवडणे’ हे क्रियापद प्रथम धान्याचे वा भाजीचे. खडे, काड्या बाजूस सारून उरलेले घेणे हा त्याचा व्यवहारातील अर्थ. निवडणुकीच्या संदर्भात आपण त्याला सहसा सहायक क्रियापद जोडतो आणि येथे भाषा मोठा बारीक भेद करते. मतदार उमेदवाराला ‘निवडून देतात’. मंडळ एखाद्याला आपल्यात ‘निवडून घेते’. ‘देणे’ लाविले की क्रियेचे फळ कर्त्याकडून दुसऱ्याकडे जाते. ‘घेणे’ लाविले की ते कर्त्याकडेच राहते. निवडून देणारा आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवितो, निवडून घेणारा आपलाच वर्ग वाढवितो. पहिली निवडणूक, दुसरी स्वीकृती. या कसोटीवर रॅडबर्नची जुनी पद्धत लावून पाहावी: रहिवासी निवडून देत होते खरे, परंतु जे विश्वस्तांनी आधीच निवडून घेतलेले होते तेच. निवडण्याचे, म्हणजे खडे वेचण्याचे, काम आधीच उरकलेले होते.

‘बिनविरोध’ हा शब्दही विचारात घ्यावा. सहकारी संस्थांच्या अहवालांत तो अभिमानाने छापला जातो; जणू विरोध नसणे म्हणजे एकोपा असणे. परंतु विरोध नसण्याची कारणे निदान तीन असू शकतात. सर्वांचा खरोखर विश्वास आहे. किंवा काम करावयास दुसरे कोणी तयार नाही. किंवा दुसऱ्याचे नाव पुढे येणारच नाही अशी व्यवस्था आहे. शब्द तिन्हींना सारखाच लागू पडतो आणि त्यामुळेच इतिवृत्तातील ‘बिनविरोध’ हा शेरा अभ्यासकाने उत्तर न मानता प्रश्न मानला पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने बिनविरोध निवडीपूर्वी आगाऊ सूचना आवश्यक केली, ती या तिसऱ्या शक्यतेला आळा घालण्यासाठीच होय.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. रॉचडेलच्या परंपरेने मतांच्या समतेचा प्रश्न सोडविला, परंतु सभासद कोण हा प्रश्न उघडा ठेवला. बॉस्टनच्या परंपरेने मालमत्तेला मत दिले आणि नाव सुचविण्याच्या अधिकारावर पहारा बसविला. न्यू जर्सीने हा पहारा २०१७ मध्ये उठविला; आपल्याकडे तो कधी नव्हता, परंतु मतदारयादीतील पहिल्या नावाचा अडसर मात्र आपण अद्याप दूर केलेला नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. महाराष्ट्रात २००९ पासून सहकारी संस्थांच्या इमारतींच्या पुनर्विकासाबाबत शासनाने अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये निदेश दिलेले आहेत. त्यांनुसार वास्तुविशारद नेमण्यापासून विकासकाशी करारापर्यंतची बहुतेक पावले व्यवस्थापक समितीमार्फत पडतात. अंतिम संमती सर्वसाधारण सभेची असली, तरी सभेपुढे कोणते प्रस्ताव यावेत याची तयारी समितीकडेच असते. म्हणजे येथेही तोच जुना प्रश्न नव्या वेशात उभा आहे: मत सभेचे, परंतु नावे सुचविणारा कोण? आयुष्यभराच्या मिळकतीतून घेतलेले एकुलते घर ज्या निर्णयावर अवलंबून आहे, तो घेणारी पाचसात माणसे कशी निवडली गेली, हे त्या घरातील प्रत्येकाने विचारले पाहिजे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे एक मोठे क्षेत्र मोकळे आहे. १९१५ पासूनच्या गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, सभासद नोंदवह्या आणि निवडणुकीची कागदपत्रे अनेक इमारतींच्या कपाटांत पडून आहेत. पुनर्विकासात इमारतीबरोबर ती कपाटेही मोडीत जातात. कोणाचे नाव कोणी सुचविले, कोणी अनुमोदन दिले आणि कोणाचे नाव कधीच आले नाही, हे त्या पानांतूनच कळणार आहे. ती पाने आहेत तोवर वाचली जावीत, एवढीच अपेक्षा.